जगात जर्मनी, बोगद्यात परभणी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमची म्हण ऑफिसात सांगितली की सगळे फिदीफिदी हसतात. मागच्या वीकेण्डला ती खरी झाली, बॉस! एमआरआय सेंटरमध्ये मशीन जर्मन आणि आत पेशंट परभणीचा. आमचे अण्णा.

टेक्निशियनने त्यांच्या गुडघ्याभोवती प्लॅस्टिकचा पिंजरा बसवला, त्याला जाडजूड केबल. "अण्णा, हलू नका." "कामून? हे काय बांधलंय?" आयटीवाला असून मी गप्प.

मग रात्री वाचत बसलो. फंडा असा, की तो पिंजरा म्हणजे अँटेना. चुंबकात झोपलेल्या माणसाच्या अंगातला हायड्रोजन रेडिओलहरींचा धक्का बसला की स्वतःच बारीकसा सिग्नल देतो. दीड टेस्लाच्या मशीनमध्ये साधारण ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाच्या मशीनमध्ये १२८. आपलं एफएम ८८ ते १०८, म्हणजे बरोब्बर मध्ये!

सिग्नल इतका नाजूक, की अँटेना अंगाला जितकी जवळ तितकं बरं. छोटी कॉइल छान ऐकते, पण जवळचंच. म्हणून १९९० मध्ये अमेरिकेत रोमर आणि सहकाऱ्यांनी अनेक छोट्या कॉइल शेजारी-शेजारी मांडण्याची पद्धत दाखवली. पण जितक्या कॉइल तितक्या वायरी. वजन वाढतं आणि वायर तापण्याची भीतीही असते. त्यावर चुन्ची छियान आणि अ‍ॅलन कोरेट्स्की यांनी बिनवायरीची कॉइल बनवली. ती रेडिओलहरींतूनच वीज घेते, सिग्नल जागच्या जागी वाढवते आणि बाहेरच्या कॉइलला पोचवते. प्रयोग उंदरांवर झालेत.

आपल्याला काय त्याचं? सिग्नल दुप्पट स्वच्छ मिळाला, तर तेवढ्याच चित्राला चौथा हिस्सा वेळ पुरतो. वीस मिनिटांची पाच! अण्णा मध्येच हलले आणि अर्धं स्कॅन पुन्हा करावं लागलं. ते ऐकून आईने जाहीर केलं, "मी नाही जायची त्या बोगद्यात." तिची कंबर दोन वर्षं दुखतेय.

तिकडे मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने दीड टेस्लाचं देशी मशीन तयार केलंय. मार्च २०२५ मध्ये चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी करारही झाला. म्हणजे जर्मनीचा नंबर जाऊ शकतो.

वायरलेस येईल तेव्हा येईल. मी शुक्रवारचं देवगिरीचं तिकीट काढलंय. आईला बोगद्यापर्यंत हात धरून न्यायला सध्या एवढी एकच वायर आहे.