टाकी भरलेली, पण नळ लहान!



कोकणातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. घर गावापासून लांब, बागेत. विजेची लाइन तिथवर पोचलेली नाही. म्हणून छपरावर सोलरचं पॅनेल, खाली बॅटरी आणि ८०० व्हीएचा इन्व्हर्टर. गणपतीत पाहुणे जमले. ऊन लख्ख होतं, बॅटरी भरलेली होती. वाटणासाठी मिक्सर लावला मात्र, इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि घरभर सगळं बंद! असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा बॅटरीजवळचा फ्यूजच उडाला. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, जाड तार घालून देतो. परत उडायचा नाही." त्या विचारतात, घालू का?

आधी याचंच उत्तर देते. नाही, मुळीच नाही! फ्यूज जळतो तो तारा आणि घर वाचावं म्हणून. बॅटरी १२ व्होल्टची, शॉक देत नाही, म्हणून तिला गरीब समजू नका. तिची दोन टोकं चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि तार लालबुंद होते. फ्यूज नवा घाला, पण जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच.

आता मुळाशी जाऊ. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, पॅनेल ती भरतं, आणि इन्व्हर्टर हा तिचा नळ. टाकी काठोकाठ भरली तरी अर्ध्या इंचाच्या नळातून येईल तेवढंच पाणी येणार ना? तसंच हे. ८०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ६४० वॅट देतो. आता त्या दिवशीचा हिशेब मांडू या. ७५ वॅटचे तीन पंखे म्हणजे २२५, ९ वॅटचे सहा दिवे म्हणजे ५४, टीव्हीचे ५०. झाले ३२९. त्यात ५०० वॅटचा मिक्सर. बेरीज ८२९! बिचारा ओरडेल नाहीतर काय करेल? शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. फ्रिजचंही तसंच. चालताना तो शंभर-दीडशे वॅटच घेत असला, तरी सुरू होताना त्याच्या काही पट मागतो.

मग वाटण पाट्यावरच का? तसं नाही. पाच मिनिटं पंखे नि टीव्ही बंद करा. दिवे आणि मिक्सर मिळून ५५४ झाले, इन्व्हर्टर पेलू शकेल. भांडं निम्मंच भरा, बटण एक नंबरवर ठेवून सुरू करा. फ्रिज असेल तर तेवढा वेळ तोही बंद. इस्त्री आणि गीझर मात्र यावर लावूच नका. साधी इस्त्रीच हजार वॅटची असते!

इन्व्हर्टर बंद पडला की पुन:पुन्हा बटण दाबत बसू नका. आधी सगळी उपकरणं बंद करा, इन्व्हर्टर बंद करून थोडा थंड होऊ द्या. मग तो चालू करून एकेक वस्तू लावा. कमी वस्तूंवरही बंद पडत असेल, तर दोष बॅटरीच्या टोकांत असू शकतो. ती सैल झाली किंवा त्यांवर पांढरी-हिरवी पूड साठली की वीज अडते. बॅटरी जुनी झाली तरी मिक्सर लावताच तिचा व्होल्टेज खाली येतो आणि इन्व्हर्टर थांबतो. ही टोकं माहितगाराकडून साफ करून, घट्ट बसवून घ्या. लांबलचक, बारीक तार बॅटरीला कधीच नको. घरातल्या तारेतून २ अँपिअर जातात, तेव्हा बॅटरीच्या तारेतून ४० च्या वर जात असतात.

आणखी दोन गोष्टी, खास आपल्यासाठी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला बसाल तेव्हा हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून ठेवा, गळ्यातलंही काढा. धातू दोन टोकांना टेकला तर क्षणात तापून भाजतं. दुसरं म्हणजे, बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ समई, उदबत्ती, शेगडी नको. खोलीत वारा खेळता हवा.

आज एवढं कराच. घरातल्या प्रत्येक उपकरणामागचे वॅट वाचा, कागदावर लिहा आणि तो कागद इन्व्हर्टरशेजारी चिकटवा. खाली ठळक अक्षरांत लिहा : एका वेळी ६४० च्या आत. तुमच्या इन्व्हर्टरचा आकडा वेगळा असेल, तर तो लिहा. मग पाहुणे कितीही आले तरी वाटण होईल, दिवेही राहतील, आणि शेजारच्या मुलाला तार शोधावी लागणार नाही!