चौतीस टक्के कुणाचे?

गेल्या रविवारी वांद्र्याला मामाकडे जेवायला गेलो होतो. (मामीच्या हातची भरली वांगी हा एका स्वतंत्र पोस्टचा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी.) जेवणं होता होता विषय नेहमीप्रमाणे ट्रॅफिकवर आला. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, नरिमन पॉइंटला नोकरीला आहे. साधारण वर्षभर झालं, तो स्वतःच्या गाडीने जातो. आधी सी लिंक, मग कोस्टल रोड.

"अरे, सुसाट जातो. आणि वर पर्यावरणाची सेवा," दादा म्हणाला. "कोस्टल रोडमुळे चौतीस टक्के इंधन वाचतं. पेपरात आलं होतं."

मी म्हटलं, "दादा, आधी कशाने जायचास?"

"लोकलने. चर्चगेटला उतरून चालत."

"मग आधी तुझं पेट्रोल किती जळायचं?"

दादा गप्प. मामी म्हणाली, "तुम्ही दोघं आधी ताक घ्या बघू."

तर मंडळी, आजची पोस्ट त्या चौतीस टक्क्यांवर. आधीच सांगून टाकतो, मी पर्यावरणतज्ज्ञ वगैरे नाही. डिग्री मेकॅनिकलची, पोट भरतं जावावर. म्हणजे इंजिनाचं अर्धवट ज्ञान आणि एक्सेल शीट उघडायची खाज, दोन्ही आहे. :)

कोस्टल रोड मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सी लिंकला दोन्ही बाजूंनी जोडला गेला. लांबी साडेदहा किलोमीटर, खर्च तेरा हजार कोटींच्या वर. महापालिकेने सांगितलेल्या फायद्यांपैकी दोन आकडे अनेकांना तोंडपाठ आहेत: वेळेत ७० टक्के बचत आणि इंधनात ३४ टक्के. इंधन कमी म्हणजे धूर कमी, म्हणून हा रस्ता पर्यावरणाच्या भल्याचा, असा एकूण हिशोब.

आता जरा थांबून बघा. ७० टक्के वेळ वाचतो हा आकडा उघडच एका फेरीचा आहे. अख्ख्या मुंबईचा ७० टक्के वेळ वाचला असं कुणी शुद्धीत म्हणणार नाही. म्हणजे इंधनाचे ३४ टक्केसुद्धा एका गाडीच्या एका फेरीचेच. आणि गंमत म्हणजे मला तो आकडा पटतो! पेडर रोडवर पहिला-दुसरा गिअर करत रांगणारी गाडी दर किलोमीटरला भरपूर पेट्रोल पिते. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास एका चालीत चालली की कमी पिते. (ऐंशी-शंभरच्या पुढे पुन्हा जास्त, कारण हवेचा विरोध.) मेकॅनिकलच्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. माझं भांडण ३४ शी नाहीच. एका फेरीचा आकडा गुपचूप शहराचा आकडा कसा होतो, त्या उडीशी आहे.

वाहतुकीच्या धुराचं कुठलंही मॉडेल घ्या, आत तीनच गोष्टींचा गुणाकार असतो. गाड्या किती, प्रत्येक गाडी किती किलोमीटर पळते आणि दर किलोमीटरला धूर किती. युरोपातलं कोपर्ट मुख्यतः सरासरी वेगावरून हा तिसरा आकडा काढतं. अमेरिकेचं मूव्ह्ज त्याहून बारकाईने, इंजिनावर क्षणाक्षणाला पडणाऱ्या भारावरून काढतं. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने भारतीय गाड्या तपासून असे आकडे तयार केले आहेत. थोडक्यात, सगळ्यांचं प्रेम तिसऱ्या आकड्यावर. त्यावर प्रबंध होतात, आणि त्यात लबाडी झाली तर जगभर बोंब होते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या अमेरिकेत प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर परवानगीच्या चाळीस पटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडताना सापडल्या, तेव्हा झाली तशी.

पहिले दोन आकडे मात्र बिचारे अनाथ. "सध्याइतकेच धरू" असं म्हणून पुढे जायचं. रस्ता बांधण्याआधी जितक्या गाड्या, बांधल्यावरही तितक्याच. मग उत्तर ठरलेलंच आहे की राव! गाड्या गोठवल्या आणि वेग वाढवला, तर धूर कमीच होणार. असं मॉडेल चालवायचीसुद्धा गरज नाही.

आता माझी एक्सेल शीट. आकडे समजण्यापुरते आहेत, मोजमाप नव्हे. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो (लिटरभर पेट्रोलच्या वजनापेक्षा जास्त, कारण त्यात हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो). समजा तुंबलेल्या रस्त्यावर गाडी लिटरला १० किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला २३० ग्रॅम. नव्या रस्त्यावर ३४ टक्के कमी, म्हणजे १५२ ग्रॅम. वाचले ७८ ग्रॅम. छान.

आता दादाला शीटमध्ये घ्या. तो लोकलने जायचा. तो नसला तरी लोकल धावतेच, त्यामुळे तो गाडीत बसल्याने लोकलची वीज काही वाचली नाही. त्याने मात्र हवेत दर किलोमीटरला नवे कोरे १५२ ग्रॅम घातले. म्हणजे दोन जुन्या गाडीवाल्यांनी मिळून जे वाचवलं ते एकटा दादा खाऊन बसला. सगळ्या शहराला लावायचं तर, गाड्यांचे एकूण किलोमीटर ५२ टक्क्यांनी वाढले की ३४ टक्क्यांची बचत पूर्ण शून्य. त्याच्या पुढे तोटा. आणि ही नुसती गाडी चालवण्याची गोष्ट. रस्ता, बोगदे आणि समुद्रातला भराव यांच्या सिमेंट-पोलादाचा हिशोब मी धरलेलाच नाही.

तुम्ही म्हणाल, ५२ टक्के म्हणजे फारच झालं. असेल. दहा टक्के वाढतील, तीस टक्के वाढतील, साठही वाढतील. मुद्दा हा की तो आकडा शोधणं हेच खरं काम होतं आणि नेमकं तेच बाजूला ठेवून उरलेला भाग सोडवला जातो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून जास्त चिडचिड होते. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटचं रिपोर्टचं पोर्टल आमच्याकडे होतं. रिपोर्ट उघडायला चाळीस सेकंद लागायचे. आम्ही क्वेरी सुधारल्या, इंडेक्स टाकले, चार सेकंदांवर आणलं. लोड टेस्ट पाचशे युजर धरून केली, कारण लॉगमध्ये तेवढेच दिसत होते. सगळं पास. पेढे वाटले. गो-लाइव्हच्या तिसऱ्या दिवशी सर्व्हर आडवा! चाळीस सेकंद लागायचे तेव्हा लोक दिवसातून एकदा रिपोर्ट काढायचे, चार सेकंदांत मिळायला लागल्यावर चहा पिता पिता रिफ्रेश करायला लागले. जे आधी शेजारच्याला फोन करून आकडा विचारायचे, तेही पोर्टलवर आले. मॅनेजरने एकच विचारलं, "पाचशे हा आकडा तू का गोठवलास?" पुढे तो जे बोलला ते इथे छापण्यासारखं नाही.

आमचं एक पोर्टल होतं, रात्रभर जागून निस्तरलं. रस्त्याचं काय करणार?

बरं, हे काही मला सुचलेलं गूढ ज्ञान नाही. ब्रिटनमध्ये सरकारनेच नेमलेल्या सॅक्ट्रा नावाच्या समितीने १९९४ मध्ये सांगितलं की नव्या रस्त्यांमुळे नवं ट्रॅफिक तयार होतं आणि ते हिशोबात धरलं पाहिजे. तिथे मागणी बदलती धरून मॉडेल करायची पद्धत त्यानंतर मार्गदर्शक सूचनांत आली. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले. शहरातले हमरस्ते जितक्या टक्क्यांनी वाढतात, साधारण तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचे किलोमीटरही वाढतात, असं निघालं. आणि आपल्याला परदेशी पुरावा तरी कशाला? मुंबईत १९९० च्या दशकाच्या शेवटी पन्नासेक उड्डाणपूल बांधायला घेतले होते. ट्रॅफिक संपलं का? सायन सर्कलला उभं राहून बघा.

उलट्या बाजूनेही हीच गंमत होते. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून प्रत्येक गाडीला आठवड्यातला एक दिवस बंदी केली. कागदावर रोज रस्त्यावरच्या वीस टक्के गाड्या कमी. प्रत्यक्षात अनेकांनी वेगळ्या नंबरची दुसरी गाडी घेतली, बऱ्याचदा जुनी. लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये आकडे तपासले, तर हवा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणजे बंदी असो की रस्ता, माणसं एक्सेलच्या सेलमध्ये गप्प बसून राहत नाहीत.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. मागणी गोठवलेल्या त्याच शीटमध्ये आता बससाठी राखीव लेन टाकून बघा. रस्त्याच्या तीन लेनपैकी एक बसला दिली. गाड्या तितक्याच, कारण गोठवल्यात. दोन लेनमध्ये कोंबल्या. वेग उतरला, धूर वाढला. निकाल: बस लेन प्रदूषण करते!! लेन मोकळी झाल्यावर कुणी गाडी सोडून बसमध्ये बसेल ही शक्यताच मॉडेलमध्ये नाही. म्हणजे पर्यायांची तुलना करायला बसायच्या आधीच रस्ता जिंकलेला असतो आणि बस हरलेली असते. वर हे सगळं "शास्त्रीय अभ्यासानुसार".

आणि लोक बदलतात याचा पुरावा आपल्या डोळ्यासमोर घडलाय. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं आणि रोजचे प्रवासी काही दिवसांतच लाखांनी वाढले. ना समुद्रात भराव, ना बोगदा. मे २०२५ मध्ये तेच भाडं १० रुपये झालं. एकेकाळी चार हजारांच्या वर असलेल्या बेस्टच्या बस तोवर तीन हजारांच्या खाली आल्या होत्या. भाडं दुप्पट आणि बस कमी केल्याने मुंबईचा धूर किती वाढला, याचा असा घोटून पाठ केलेला टक्का तुम्ही कधी ऐकलाय? मी नाही. रस्त्याच्या फायद्याला टक्केवारी असते, बसच्या नुकसानीला नसते.

आता दादाची बाजू. तो काही खलनायक नाही. मुंबईच्या लोकलवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. पंधरा वर्षं त्या दारात उभा राहिलेला माणूस चाळिशीत एसी लावून गाडीत बसला, तर त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही. त्याच्या ऑफिसात पार्किंग फुकट आहे. सी लिंकला टोल आहे पण कोस्टल रोडला नाही. तो वागला ते अगदी शहाणपणाचं. पण शहाणी माणसं अशीच वागणार हे मॉडेल करणाऱ्याला आधी कळायला नको? कोस्टल रोडवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. म्हणजे बस सोडली तर हा रस्ता गाडीवाल्याचाच, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ती घ्यायचं एक कारण.

ऑफिसात हे बोललो तर एक मित्र म्हणाला, "पाच-दहा वर्षांत सगळ्या ईव्ही होतील, कशाला डोकं लावतोस?" होऊ देत, मला आनंदच आहे. पण देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर होते, आज घेतलेली पेट्रोलची गाडी पुढची दहा-पंधरा वर्षं कुणाच्या ना कुणाच्या हातात पळत राहणार, आणि टायरची झीज, रस्त्यावरची धूळ बॅटरीने थांबत नाही. शिवाय ईव्हीलाही उभं राहायला तेवढीच जागा लागते.

आता हे सगळं आजच का? कारण कोस्टल रोड झाला तो झाला, पण वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे आणि त्याच्याही पुढे भाईंदरपर्यंत रस्ता आखलेला आहे. वाटेत खारफुटी आहे. वेळ आणि इंधन वाचण्याचे टक्के तिथेही सांगितले जातील. तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी जनसुनावणीला जातात, हरकती-सूचना पाठवतात, किंवा निदान नगरसेवकाला गाठू शकतात, त्यांनी एवढंच विचारावं: रस्ता झाल्यावर गाड्यांचे एकूण किलोमीटर किती धरलेत? आजच्याइतकेच धरले असतील तर बाकीचा अहवाल वाचायची गरज नाही. दुसरं, त्याच पैशात बस घेतल्या आणि त्यांना लेन दिली तर काय होईल, हे त्याच मॉडेलमध्ये, मागणी न गोठवता, चालवून पाहिलंय का? आणि ती शीट आम्हाला मिळेल का? शीट, पीडीएफ नव्हे.

माझी शीट मी दादाला मेल केली. त्याचं उत्तर आलं: "सतराव्या ओळीत माझं नाव कशाला टाकलंस?"

ता.क. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाते आणि विधान भवन स्टेशन दादाच्या ऑफिसपासून चालत अंतरावर आहे. त्याला फार आग्रह करून एक दिवस पाठवलं. म्हणाला, मेट्रो एक नंबर, पण संध्याकाळी बीकेसीला उतरल्यावर घरी यायला वीस मिनिटं रिक्षा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी.