रिकामे परतलेले यान

अंतराळात माणसे नेणे हे दीर्घकाळ सरकारांचेच काम होते. अमेरिकेची नासा ही संस्था आपली शटल याने स्वतः चालवीत असे. २०११ साली ती निवृत्त झाली. त्यापूर्वीच नासाने निराळा मार्ग धरला होता : यान खाजगी कंपनीने बांधावे, तिनेच चालवावे, आणि आपण ठरलेले भाडे द्यावे. त्याप्रमाणे स्पेसएक्स कंपनीचे ड्रॅगन यान मे २०१२ मध्ये सामान घेऊन सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकास पोहोचले. मे २०२० मध्ये त्याच कंपनीने माणसेही नेली.

सामान आणि माणूस यांत मात्र महदंतर आहे. २०१४ व २०१५ साली दोन कंपन्यांची एकेक सामानवाहू खेप उड्डाणातच नष्ट झाली. नुकसान झाले, परंतु कोणाच्या घरी आकांत झाला नाही.

जून २०२४ मध्ये बोइंग कंपनीच्या स्टारलाइनर यानातून बुच विल्मोर आणि गुजराती पित्याची कन्या सुनीता विल्यम्स हे दोघे निघाले. मुक्काम आठवडाभराचा ठरला होता. वाटेत हेलियम वायू गळू लागला, आणि यानास दिशा देणाऱ्या २८ लहान झोतयंत्रांपैकी पाच बंद पडली. दोघे स्थानकावर सुखरूप पोहोचले खरे; पण त्याच यानातून परतावे काय, हा प्रश्न उभा राहिला. कंपनीस यानाचा भरवसा होता. कराराची रक्कम ठरलेली असल्याने वाढता खर्च तिच्याच माथी बसत होता, आणि नावलौकिकही पणास लागला होता.

नासाने ऑगस्टमध्ये नकार दिला. १९८६ साली चॅलेंजर व २००३ साली कोलंबिया या यानांतील प्रत्येकी सात जण मृत्युमुखी पडले होते. दोन्ही वेळी अभियंत्यांच्या शंकांना योग्य तो मान मिळाला नव्हता. ती आठवण विसरली गेली नव्हती. स्टारलाइनर सप्टेंबरमध्ये रिकामेच न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात उतरले, आणि तेही सुखरूप ! पुढच्या ड्रॅगन यानात दोन आसने रिकामी ठेवण्यात आली. त्यातून हे दोघे २८६ दिवसांनी, १८ मार्च २०२५ रोजी, पृथ्वीवर परतले.

मग तो नकार व्यर्थ होता काय ? आम्हांस तसे वाटत नाही. यान सुखरूप उतरले हे मागाहून कळले. निर्णय आधी घ्यावयाचा होता. ख्रिस्तसभेने सुज्ञता हा सद्गुण धैर्याच्याही आधी मोजला आहे. बुरूज बांधणाऱ्याने प्रथम बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टान्त वाचकांस ठाऊक आहेच. त्या हिशेबात माणसाच्या जिवाची किंमत कोणत्याही करारात मावत नाही.

वाचकहो, ब्रेकची शंका असलेल्या गाडीत वऱ्हाड बसविण्याचा प्रसंग आपल्या गावीही येतो. भाडे दिलेले असते, मुहूर्त टळत असतो, आणि मालक हमी देत असतो. अशा वेळी "उतरा" असे म्हणणारा एक तरी वडीलधारा त्या वऱ्हाडात असावा, एवढीच आमची प्रार्थना.