खाटेवरून उतरवण्याचे शिक्षण

जबलपूरमधील विजय नगर पोलीस ठाण्याच्या हद्दीत, दमोह नाक्याजवळील न्यू लाइफ मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाला १ ऑगस्ट २०२२ रोजी आग लागली. त्यात आठ जण मृत्युमुखी पडले. मृतांत रुग्ण होते, तसे कर्मचारीही होते. जाण्या-येण्याची वाट एकच होती. नंतरची चर्चा अग्निसुरक्षा आणि परवान्यांभोवती फिरली, आणि ती तशी फिरणे योग्यच होते. परंतु ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, त्याला खाटेवरून सुखरूप खाली कसे घ्यावे हे कर्मचाऱ्यांना कोणी शिकवले आहे काय, हा प्रश्न अशा दुर्घटनांनंतर क्वचितच विचारला जातो.

आग ही अपवादात्मक घटना. हा प्रश्न मात्र रोजचा आहे. शस्त्रक्रियेनंतरचा वृद्ध रुग्ण शौचालयापर्यंत जाईल कसा? आपल्याकडे बहुधा त्याचा मुलगा काखेत हात घालून त्याला ओढतो. रुग्ण अर्धांगवाताचा असेल, तर त्या ओढण्याने दुबळा खांदा कायमचा दुखावू शकतो. जाणती परिचारिका आधी खाटेची उंची कमी करते, चाकांची कळ लावते, रुग्णाला पाय खाली सोडून काही वेळ बसवते, चक्कर येते का हे पाहते, मग दुबळ्या बाजूला उभी राहून कमरेपाशी आधार देते. चाकाची खुर्ची मात्र ती त्याच्या सशक्त बाजूला ठेवते. यात महागडे यंत्र काहीच नाही. पण हे पुस्तकातून येत नाही, हाताला वळण लागावे लागते. ते नसेल तर रुग्ण पडतो, किंवा परिचारिकेची पाठ कामातून जाते.

अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके वैद्यकाला नवे नाहीत. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरने १९४७ मध्येच त्यावर खरमरीत लेख लिहिला होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारे एक किलोने घटला. शय्याव्रण, शिरांतील रक्ताच्या गाठी आणि न्यूमोनिया हे धोके वेगळेच. तरीही रुग्णालयाच्या दृष्टीने झोपलेला रुग्ण सोयीचा असतो. रुग्ण पडला तर नोंद होते, चौकशी होते, ठपका सिस्टरवर येतो. झोपून झोपून त्याचे पाय गेले, तर त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. परिचारिका सावध राहते ती याच कारणाने, आळसाने नव्हे.

मध्य प्रदेशातील परिचर्या महाविद्यालयांचा घोटाळा या प्रश्नाला थेट भिडतो. पुरेशी जागा, शिक्षक आणि संलग्न रुग्णालय नसताना महाविद्यालयांना मान्यता मिळाल्याच्या तक्रारींवर जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आदेश दिला. चौकशीत १६९ महाविद्यालये योग्य ठरली. मग मे २०२४ मध्ये तपास पथकातील अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि न्यायालयाने त्या १६९ महाविद्यालयांची न्यायदंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, चित्रीकरणासह फेरतपासणी करण्यास सांगितले. इमारत कागदावर उभी करता येते. रुग्णाला कुशीवर वळवण्याचा सराव कागदावर होत नाही. ज्या विद्यार्थिनीने भरलेला वॉर्ड पाहिलाच नाही, ती पदवी घेऊन कोणाला आधार देणार? यात फसवणूक शुल्क भरणाऱ्या मुलींचीही झाली आहे, हे विसरता येत नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांसाठी १५७० कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायदाही झाला. खऱ्या रुग्णालयाशेजारी महाविद्यालय असणे ही दिशा बरोबर आहे. मात्र अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हा निकष जिथे पाळलाच जात नाही, तिथे उत्तम शिकलेली सिस्टरही रुग्णाला दिवसातून दोनदा चालवू शकणार नाही. ती सलाइनच्या बाटल्या बदलण्यातच संपेल. फिजिओथेरपिस्टवर भार टाकून मोकळे होण्याची पळवाटही फार पुरत नाही. तो येतो आणि जातो, रात्री दोन वाजता रुग्णाला उठावेसे वाटते तेव्हा वॉर्डात परिचारिकाच असते.

नव्या आयोगाने अंतिम परीक्षेत प्रत्यक्ष रुग्णाला खाटेवरून खुर्चीत बसवून दाखवणे अनिवार्य करावे. आणि रुग्णालयांच्या तपासणीत, किती रुग्ण पडले यासोबतच, चालत आलेले किती रुग्ण चालत घरी गेले, हेही विचारावे.