धारोष्ण दूध आणि बाईच्या माथी दोष

माण तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत एक सून बोलली. पाचव्या महिन्यात तिचा गर्भ पडला होता. "सासूबाई म्हणाल्या, तूच काहीतरी उष्ण खाल्लं असशील." बोलता बोलता कळलं, त्याच्या आधी गोठ्यातली म्हैस गाभडली होती. तिची वार हिनेच उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकली होती. आणि बाळ सुदृढ व्हावं म्हणून तिला रोज पेलाभर धारोष्ण दूध दिलं जात होतं.

तिचा गर्भ कशाने पडला हे मी सांगू शकत नाही. तपासणी कुणी केलीच नव्हती. पण जनावरं गाभडवणारा ब्रुसेला हा जंतू कच्च्या दुधातून आणि वारेच्या स्पर्शातून माणसात येतो, सारखा ताप, घाम, सांधेदुखी आणि कधी गर्भपातही घडवतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला चीड आली ती याची.

कच्च्या दुधात लिस्टेरियाही असू शकतो. गर्भवतीला जेमतेम ताप येतो, पण जंतू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवलं की हे जंतू मरतात. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. घरी दुधाला चांगली उकळी आली की तेच काम होतं. शेळीचं दूधही उकळूनच घ्यावं. उकळलेल्या दुधाचं दही-ताक बिनघोर खावं. म्हणजे गर्भवतीचं दूध तोडायचं नाही. आधीच घरातलं बहुतेक दूध डेअरीत जातं.

पण "उकळून प्या" एवढं सांगून आपली जबाबदारी संपते का? शेण काढणं, धार काढणं, वार उचलणं बाईकडे. डेअरीचं खातं बहुधा नवऱ्याच्या नावावर. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो, गोठ्यातल्या रोगावर नाही. पशुवैद्य येतो तो पुरुषाशी बोलतो, आशाताई येते ती लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलते. मधली गोष्ट कुणाचीच नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात ती दिली का, हे गटाने विचारायला हवं. पशुवैद्य आणि आशाताई एकाच बैठकीला बोलवा. वार उचलायला हातमोजे मागा, ती चुना टाकून खोल पुरा, गर्भवतीला त्या कामातून मोकळं ठेवा. ताप हटत नसेल तर डॉक्टरांना घरी जनावरं आहेत हे सांगा.

म्हैस गाभडली की आपण डॉक्टर बोलावतो. बाईचा गर्भ पडला की तिने काय खाल्लं ते शोधतो. मैत्रिणींनो, निदान म्हशीइतकी चौकशी तरी तिच्या वाट्याला येऊ द्या.