चिथावणीचा आळ

रॉयल मरीन्सचा अधिकारी एडवर्ड निकल्स अमेरिकेच्या इतिहासात बहुधा आरोपी म्हणूनच भेटतो. १८१४ च्या इंग्लंड-अमेरिका युद्धात त्याने फ्लोरिडात अपालाचिकोला नदीकाठी, प्रॉस्पेक्ट ब्लफ येथे, पळून आलेल्या गुलामांच्या हाती बंदुका देऊन कलोनियल मरीन्सची पलटण उभारली. चार वर्षांनी अमेरिकी सेनापती जॅक्सनच्या फ्लोरिडावरील स्वारीचे समर्थन करताना अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्सने त्याच्यावर खापर फोडले : याने गुलामांना आणि क्रीक-सेमिनोल या मूलनिवासी जमातींना चिथावले. हा आळ गुलाममालकांच्या सोयीचा होता. कोणी फूस लावल्याशिवाय गुलाम पळत नाही, हे त्यात गृहीतच धरलेले. पण स्पॅनिश फ्लोरिडाकडे पळण्याची वाट निकल्स जन्मण्याच्याही आधी मळलेली होती. अशा फरारी लोकांचे फोर्ट मोसे १७३८ सालीच वसले होते.

आक्षेपक म्हणतील, ब्रिटिशांना गुलामांचा कळवळा नव्हता, शत्रूचे मनुष्यबळ फोडायचे होते. अमेरिकेतील गुलामांना ब्रिटिशांकडे येण्याचे आवाहन करणाऱ्या ब्रिटिश ॲडमिरल कॉक्रनच्या १८१४ च्या जाहीरनाम्यापुरते हे मान्यच आहे. मग अमेरिकेशी तह झाल्यावर काय? स्पॅनिश फ्लोरिडातील पेन्साकोलाहून प्रॉस्पेक्ट ब्लफला पळालेल्यांचे मालक स्पॅनिश, म्हणजे नेपोलियनविरुद्ध इंग्लंडच्या बाजूने लढलेल्या राष्ट्राचे प्रजाजन. या पळालेल्यांना परत नेण्यासाठी स्पॅनिश भूमापक पिंतादो १८१५ मध्ये तिथल्या ब्रिटिश किल्ल्यावर आला. त्याने एकेकाची समजूत घातली, पण बळजबरीला ब्रिटिशांनी परवानगी दिली नाही आणि फार थोडेच परत फिरले. लढाई संपलेली असताना मित्रराष्ट्राला दुखावण्यात लष्करी फायदा कसला?

दुसरा आक्षेप मात्र झोंबणारा आहे. निकल्स १८१५ मध्ये निघून गेला. तोफा, दारूगोळा आणि माणसे मागे राहिली. २७ जुलै १८१६ रोजी अमेरिकी गनबोटीचा तापवलेला गोळा दारूकोठारात पडला आणि किल्ल्यातले बहुतेक जण एका स्फोटात ठार झाले. निकल्सने अधिकार नसताना आश्वासने दिली, हा त्याचा दोष पदरात घातलाच पाहिजे. पण ती पाळावीत म्हणून तो क्रीकांचा पुढारी जोसाया फ्रान्सिस याला घेऊन लंडनला गेला, आणि निकल्सने क्रीकांशी केलेला करार मान्य करायला नकार दिला तो ब्रिटिश सरकारने. गोळा तर अमेरिकेनेच डागला होता. पुढे १८२९ पासून आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत फर्नांदो पो बेटाचा कारभार पाहताना गुलामव्यापाराविरुद्धचे ते ठाणे टिकावे म्हणून तो लंडनशी झगडला. तिथे चिथवायला ना अमेरिकी मळेवाले होते, ना कुठले युद्ध.