भीतीचीही नोंद केसपेपरवर व्हावी

दाढ ठणकू लागली की आपल्याकडे पहिला उपाय बहुधा लवंगेच्या तेलाचा असतो आणि दुसरा औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळीचा. दंतवैद्याचा दवाखाना गाठला जातो तो गाल सुजल्यावर. उशीर का झाला, असे विचारले की खर्च आणि वेळ ही दोन उत्तरे सहज मिळतात. तिसरे उत्तर प्रौढ माणूस सहसा देत नाही. ते म्हणजे भीती : सुईची, ड्रिलच्या आवाजाची आणि खुर्चीत आडवे पडल्यावर वाटणाऱ्या असहायतेची. ही भीती भित्रेपणा समजून हसण्यावारी नेली जाते. वस्तुतः ती उपचाराच्या यशापयशावर परिणाम करणारी वैद्यकीय बाब आहे आणि तिची नोंद रक्तदाब-मधुमेहाइतक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

स्वीडनमधील संशोधक उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये या भीतीचे दुष्टचक्र मांडले. भीतीमुळे माणूस दवाखाना टाळतो, टाळल्यामुळे दात अधिक बिघडतात, बिघडलेले दात दाखवण्याची लाज वाटते आणि ती लाज भीतीत भर घालते. या चक्राला रसायनशास्त्राचीही एक कडी आहे. स्थानिक भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या लिग्नोकेनचे रेणू ऊतींमध्ये विद्युतभारित आणि भाररहित अशा दोन रूपांत असतात. मज्जातंतूचे आवरण ओलांडून आत शिरू शकते ते भाररहित रूप. निरोगी ऊतीत त्याचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश असते. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि हे प्रमाण बरेच घटते. शिवाय सुजलेल्या भागातील मज्जातंतू अधिक संवेदनशील झालेले असतात. परिणामी भूल अपुरी पडू शकते. म्हणजे जो रुग्ण वेदनेच्या भीतीने उशिरा येतो, त्यालाच वेदना होण्याची शक्यता अधिक असते. त्याची भीती खरी ठरते आणि पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येतो.

हे चक्र तोडण्याची सुरुवात भीती मोजण्यापासून होते. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये त्यासाठी चार प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. १९९५ मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीत इंजेक्शनविषयीच्या पाचव्या प्रश्नाची भर पडली. एकूण गुण ५ ते २५ असतात, आणि १९ किंवा त्याहून अधिक गुण तीव्र भीती दर्शवतात. या प्रश्नांना दोन-तीन मिनिटे पुरतात. विचारल्याने भीती वाढेल, ही शंकाही अभ्यासांत खरी ठरलेली नाही. तरीही बहुसंख्य केसपेपरवर भीतीसाठी एक ओळही नसते.

भीती कळली म्हणजे लगेच औषध द्यावे असे नाही. ‘आधी सांगा, मग दाखवा, नंतर करा’ ही बालदंतचिकित्सेतील जुनी पद्धत प्रौढांनाही लागू पडते. रुग्णाने हात वर केला की काम थांबेल, एवढा करारही हरवलेले नियंत्रण त्याच्या हाती परत देतो. दीर्घकालीन, तीव्र भीतीवर मानसोपचारातील संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धती उपयोगी ठरते. गुंगीमुळे त्या दिवसाचे काम पार पडते, पण मुळातली भीती तिने आपोआप जात नाही, हा भेद महत्त्वाचा आहे.

एवढ्याने भागत नसेल तेव्हा शामक औषधांचा विचार होतो. त्यांत सर्वांत सौम्य पर्याय नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे हास्यवायूचा. अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये तो स्वतः घेऊन आपली दाढ काढून घेतली होती. आज तो नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनसह दिला जातो आणि उपकरणे ऑक्सिजनचे प्रमाण ३० टक्क्यांखाली जाऊ देत नाहीत. रुग्ण जागा राहतो, बोलू शकतो, आणि वायू बंद केल्यावर काही मिनिटांत त्याचा अंमल उतरतो. मात्र हा वायू ब-१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करतो. भारतात, विशेषतः शाकाहारी लोकांत, या जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते, म्हणून ती असल्यास आधी सांगणे आवश्यक आहे. गर्भधारणेचे पहिले तीन महिने आणि चोंदलेले नाक याही त्याच्या मर्यादा आहेत.

त्यापुढची पायरी मिडाझोलामसारख्या औषधांची. ती तोंडावाटे किंवा शिरेतून दिली जातात. शिरेतून मात्रा थोडी थोडी वाढवता येते. गोळी एकदा गिळली की तसे नियंत्रण उरत नाही. त्या तासाभराच्या आठवणीही बहुधा पुसट होतात. यापैकी कोणतेही औषध स्थानिक भुलीची जागा घेत नाही. शेवटची पायरी संपूर्ण भुलीची. तिची जागा रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

या पायऱ्यांमध्ये भिंती नाहीत. हलक्या गुंगीसाठी दिलेली मात्रा एखाद्याला गाढ गुंगीत नेऊ शकते आणि श्वास मंदावू शकतो. ब्रिटनमध्ये दातांच्या दवाखान्यांत संपूर्ण भूल देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. मृत्यूंच्या घटनांनंतर तिच्यावर निर्बंध आले आणि २००२ पासून ती रुग्णालयांपुरतीच उरली. म्हणूनच ‘झोपेत, वेदनारहित उपचार’ अशी जाहिरात वाचणाऱ्याने काही प्रश्न विचारायला हवेत. औषध कोण देणार? दंतवैद्य दातात गुंतलेला असताना श्वासावर आणि पल्स ऑक्सिमीटरवर नजर कोणाची असेल? ऑक्सिजन आणि मिडाझोलामवरचा उतारा फ्लुमाझेनिल हाताशी आहे का?

एकट्या दंतवैद्याच्या छोट्या दवाखान्याला हे सारे परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण पाच प्रश्न, हाताची खूण आणि गरज पडल्यास योग्य ठिकाणी पाठवणारी चिठ्ठी यांना पैसे लागत नाहीत. दंतवैद्यक कायदा, १९४८ याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. भीतीचे मोजमाप अभ्यासक्रमात अनिवार्य करणे आणि गुंगीसाठी लागणारे प्रशिक्षण व साधने यांचे स्पष्ट, सर्वत्र लागू होणारे किमान निकष ठरवणे, ही कामे नव्या व्यवस्थेने अग्रक्रमाने हाती घ्यावीत.

प्रश्न केवळ दाढेचा नाही. जगात नोंदल्या जाणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात असतात. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा अनेकदा सर्वप्रथम दिसतो तो दंतवैद्याला. पण त्यासाठी रुग्णाने त्या खुर्चीत वेळेवर येऊन बसायला हवे. भीतीपोटी तो आलाच नाही, तर चट्ट्याची गाठ होईपर्यंत कोणालाही काही कळत नाही.